चेहऱ्यावर लेसर कुणी मारलं, ते पावतीवर लिहा

माझ्याकडे मार्च 2019 ची एक पावती आहे. तिच्यावर लिहिलंय 'फेस लेसर, सिटिंग 2', त्याखाली रक्कम, त्याखाली 18 टक्के जीएसटी आणि काउंटरवरच्या मुलीची सही. बास. इतकी वर्षं ती जपून ठेवलीय कारण त्या दिवशी माझ्या चेहऱ्याचं काय केलं याचा माझ्याकडे तेवढाच एक कागद आहे.

झालं असं की माझ्या दोन्ही गालांवर पिंपल्सचे खड्डे होते, कॉलेजपासूनचे, आणि मे महिन्यात घरात लग्न होतं, म्हणून फेब्रुवारीत कोथरूडच्या एका क्लिनिकमध्ये पॅकेज घेतलं. पहिलं सिटिंग ठीक गेलं. दुसऱ्या वेळी मशीनवर वेगळीच मुलगी होती, ती म्हणाली मागच्या वेळचा रिझल्ट फार दिसत नाहीये, थोडं वाढवते, आणि वाढवलं. आठवड्याने खपली पडली तर खाली दोन्ही गालांवर तपकिरी ठिपक्यांची चौकोनी जाळी, शिक्का मारल्यासारखी. लग्नाच्या प्रत्येक फोटोत ती आहे. पूर्ण जायला ऑक्टोबर उजाडला.

त्यानंतर ज्या स्किनच्या डॉक्टरांकडे गेले त्यांनी पहिल्यांदा विचारलं की मशीन कुठलं होतं. मग एनर्जी किती ठेवली होती, डेन्सिटी म्हणजे ठिपके किती दाट मारले, पास म्हणजे त्याच जागेवरून मशीन किती वेळा फिरवलं, आधी कानामागे छोट्या जागेवर मारून टेस्ट पॅच केला होता का, तापानंतर ओठांवर फोड उठतात का हे कुणी विचारलं होतं का. मी पावती पुढे केली. त्यांनी ती वाचली आणि उलटी करून मागे बघितलं. मागे कोरी होती.

मी लेसरच्या विरोधात नाही हे आधीच सांगते, कारण त्याच डॉक्टरांकडे पुढे दीड वर्षात माझे खड्डे बरेच भरले आणि त्यात लेसरचाही वाटा होता. माझी तक्रार वेगळी आहे. पिंपल्स हा त्वचेचा आजार आहे आणि खड्डे ही त्या आजाराने मागे ठेवलेली जखम आहे, पण आपल्याकडे या मुलामुलींना दोनच ठिकाणांहून सल्ला मिळतो. घरचे म्हणतात थांब, वय आहे, जातील. काउंटरवरची काउन्सेलर म्हणते आजच पैसे भरा, ऑफर आहे. या दोघांच्या मधे जो माणूस हवा, जो नीट तपासून सांगेल की हे काय आहे, आत्ता काय करायचं आणि लेसर लागलंच तर कधी, तो भेटेपर्यंत पोरांचे गाल खराब झालेले असतात.

आत्ता हे लिहायचं कारण माझी भाची. वीस वर्षांची आहे, सदाशिव पेठेत कॉट बेसिसवर राहून अभ्यास करते. एका रात्री तिचा फोन आला, मावशी मी लेसरचं पॅकेज घेतलंय, आईला सांगू नकोस. आठ सिटिंग, बारा हप्ते. मी दुसऱ्या दिवशी जाऊन तिला बघितलं तर हनुवटीवर आणि जबड्याच्या कडेने पू भरलेल्या मोठ्या पुटकुळ्या, हात लावला तर दुखणाऱ्या, गालांवर तपकिरी डाग आणि मधे मधे चार-पाच खरे खड्डे. म्हणजे आग चालू आहे आणि ही मुलगी राख साफ करायचे पैसे भरून आलेली. मी विचारलं पाळी नियमित येते का हे विचारलं का तुला, नाही. कुठलं क्रीम लावतेस हे? नाही. मग काय विचारलं? तर म्हणे, बजेट काय आहे.

पाळीचा प्रश्न एवढ्यासाठी की जबड्याच्या कडेने येणारे, पाळीच्या आधी वाढणारे पिंपल्स कधी कधी हार्मोन्सशी जोडलेले असतात, पीसीओडी हा अंडाशयाचा त्रास असतो, आणि गालावर कितीही प्रकाश टाकला तरी अंडाशयाला त्याने काही फरक पडत नाही. क्रीमचा प्रश्न तर त्याहून महत्त्वाचा. मेडिकलमधून मैत्रिणीने सांगितलेलं मिक्स क्रीम आणायचं, ज्यात स्टेरॉइड असतं, चार दिवस चेहरा गोरा आणि गुळगुळीत दिसतो, मग लाल होतो, केस उगवतात, पिंपल्स दुप्पट होतात आणि क्रीम सोडलं की चेहरा पेटतो, हे आपल्याकडे इतकं झालं की त्वचारोगतज्ज्ञांच्या आयएडीव्हीएल या संघटनेला त्यासाठी वेगळा टास्क फोर्स काढावा लागला आणि 2018 मध्ये सरकारने अशी चौदा स्टेरॉइड क्रीम्स चिठ्ठीशिवाय विकायला बंदी केली. तरी मिळतात. अशा चेहऱ्यावर लेसर मारणं म्हणजे भाजलेल्या हातावर तेल.

आता लेसर करतं काय ते बघू, कारण 'लेसर' या एका शब्दाखाली पाच-सहा वेगळ्या गोष्टी विकल्या जातात आणि घोळ तिथूनच चालू होतो. पहिलं लेसर 1960 चं, आणि त्वचेसाठी त्याचं शास्त्र पक्कं झालं 1983 मध्ये, जेव्हा अँडरसन आणि पॅरिश या दोघांनी दाखवलं की प्रकाशाची तरंगलांबी, म्हणजे वेव्हलेंग्थ, आणि झोताचा वेळ नीट निवडला तर उष्णता हव्या त्याच गोष्टीत साठते आणि शेजारचं वाचतं. ती गोष्ट रक्ताचा लाल रंग असेल, मेलॅनिन म्हणजे कातडीचा रंग असेल, पाणी असेल. खड्ड्यांसाठी जी मशीन्स वापरतात, कार्बन डायऑक्साइड लेसर 10,600 नॅनोमीटरचं किंवा अर्बियम 2,940 चं, ती कातडीतल्या पाण्यावर काम करतात. पूर्वी अख्खा वरचा थर उडवायचे, आठवडेच्या आठवडे चेहरा ओला लाल, आणि आपल्या रंगाच्या लोकांचं तर त्यात वाटोळं व्हायचं. 2004 मध्ये फ्रॅक्शनलची कल्पना आली, म्हणजे सगळीकडे न मारता सुईच्या टोकाएवढे बारीक खांब जाळायचे आणि मधली कातडी जशीच्या तशी ठेवायची, ती मधली निरोगी कातडी जखम भरून काढते आणि नवीन कोलॅजन, म्हणजे कातडीला आतून आधार देणारे तंतू, बनतं. आपल्यासारख्यांना लेसरचा खरा फायदा तेव्हापासून मिळायला लागला आणि मला ही कल्पना आजही फार सुंदर वाटते.

पण त्यातला 'मधली कातडी ठेवायची' हा भाग सेटिंगवर अवलंबून आहे. खांब फार दाट मारले, एकावर एक पास दिले, की मधल्या जागेतही उष्णता साचते. गोऱ्या माणसाला त्याने लाली जरा जास्त दिवस राहील, आपल्याला काळं पडतं. हे लेसर पाण्यावर चालतं मग रंगाचा काय संबंध असं मलाही वाटायचं. संबंध असा आहे की आपली कातडी कुठल्याही त्रासाला रंगाने उत्तर देते. डास चावून खाजवलं तरी महिनाभर डाग राहतो आपल्याला, पातेलं लागलं तर वर्षभर. त्वचेचे प्रकार मोजायची जी पट्टी सगळीकडे वापरतात ती फिट्झपॅट्रिक यांनी 1975 मध्ये केली, ती मुळात गोऱ्या कातडीला प्रकाशाचा डोस ठरवण्यासाठी, सावळे आणि काळे रंग त्यात नंतर जोडले गेले. आपण बहुतेक चौथ्या-पाचव्या प्रकारात बसतो. म्हणजे परदेशात शिकवलेलं सेटिंग इथे जसंच्या तसं चालत नाही, एनर्जी आणि विशेषतः डेन्सिटी कमी ठेवायची, दोन सिटिंगमधे जास्त वेळ द्यायचा, आधी कानामागे किंवा जबड्याखाली छोट्या जागेवर मारून काही आठवडे थांबून बघायचं. हे सगळं माणसाने ठरवायचं असतं. मशीनवर बटण असतं फक्त.

आणि ऊन. पुण्यातल्या मुली टू-व्हीलरवर डोक्यापासून गळ्यापर्यंत स्कार्फ गुंडाळतात त्याची बाहेरचे लोक चेष्टा करतात, पण लेसरनंतर तो स्कार्फ खरंच कामाचा आहे, एप्रिलमध्ये नळस्टॉपच्या सिग्नलला दुपारी दीड वाजता उभं राहून बघा म्हणजे कळेल. नुसतं साधं सनस्क्रीनही पुरत नाही कारण आपल्या कातडीला अतिनील किरणांसोबत साधा दिसणारा प्रकाशही काळं करतो, त्याच्यासाठी आयर्न ऑक्साइड असलेलं टिंटेड सनस्क्रीन लागतं. मग लग्नसराई मे महिन्यात म्हणून लेसर मार्चमध्ये, हा माझा हिशोब उलटा होता. कोलॅजन बनायला तीन ते सहा महिने जातात, मे मध्ये रिझल्ट दिसणारच नव्हता, दिसला असता तर फक्त डाग, आणि तोच दिसला. तुळशीच्या लग्नानंतर सुरू करून शिमग्याच्या आत आटपणं जास्त बरं, हे मला कुणीतरी फेब्रुवारीत सांगायला हवं होतं. पण तारीख मी सांगितली आणि पॅकेज त्यांनी विकलं.

डाग आणि खड्डा यातला फरक तर शाळेत शिकवावा इतका महत्त्वाचा आहे. पिंपल बसल्यावर जो सपाट तपकिरी किंवा लालसर ठिपका राहतो तो डाग, बोट फिरवलं तर हाताला लागत नाही, उन्हापासून सांभाळलं आणि नवीन पिंपल थांबवले तर बहुतेक वेळा महिन्यांत आपोआप फिका पडतो. खड्डा हाताला लागतो, खिडकीच्या बाजूच्या उजेडात आरशात दिसतो, तो आपोआप जात नाही. कितीतरी पोरं डागांसाठी खड्ड्यांचे पैसे भरतात आणि डाग गेल्यावर लेसरने गेले म्हणून मैत्रिणीला तिथेच पाठवतात.

खड्ड्यांतही प्रकार आहेत. सुईने टोचल्यासारखा अरुंद खोल असतो तो आइसपिक, त्याच्या तळाशी लेसर नीट पोचत नाही, तिथे टीसीए नावाचं ॲसिड काडीच्या टोकाने फक्त त्या भोकात लावतात किंवा तेवढाच भाग पंच करून काढतात. उभ्या कडांचा रुंद असतो तो बॉक्सकार, उथळ असेल तर लेसरला चांगली दाद देतो. आणि लाटेसारखी कातडी आत ओढलेली दिसते ते रोलिंग, तिथे खाली तंतू चिकटलेले असतात, ते सुई घालून सोडवावे लागतात, सबसिजन म्हणतात त्याला, ते न करता वरून कितीही लेसर मारा, खालची दोरी तशीच राहते. माझ्या गालांवर बहुतेक रोलिंग होते! म्हणजे ज्या खड्ड्यांना आधी सबसिजन हवं होतं त्यांच्यावर दोन वेळा नुसतं लेसर मारलं आणि दुसऱ्यांदा जोरात मारलं. पुढे डॉक्टरांनी आधी दोन वेळा सबसिजन केलं, मग कमी डेन्सिटीवर लेसर, मधे एकदा एमएनआरएफ, जे लेसर नाही, सुयांतून रेडिओ लहरी खाली सोडतात, त्यात वरची कातडी बरीचशी वाचत असल्यामुळे काळं पडायची भीती कमी. एका चेहऱ्यावर दोन-तीन प्रकारचे खड्डे असतात, त्यामुळे एकच मशीन असलेलं क्लिनिक प्रत्येकाला तेच मशीन विकणार हे उघड आहे. आणि इतकं सगळं करूनही गाल कोरे होत नाहीत. खड्डे उथळ होतात, सावली कमी पडते, मेकअप नीट बसतो. मला तेवढं पुष्कळ आहे. 'शंभर टक्के क्लिअर स्किन' असं बोर्डवर लिहिणारा खोटं बोलतोय.

चालू असलेल्या पिंपल्सवर लेसर आणि लाइट, हा दुसराच विषय, आणि इथे मी जास्त कडक आहे. निळा लाइट 415 नॅनोमीटरच्या आसपासचा, तो पिंपल्सच्या जंतूत पॉर्फिरिन नावाचं जे द्रव्य असतं त्यावर काम करतो, जंतू मरतात, थांबवलं की परत वाढतात. आयपीएल नावाने जो लाइट विकतात तो लेसर नाहीच, मोठा फ्लॅश आहे, त्यात सगळे रंग मिसळलेले, मेलॅनिन ते झटकन शोषतं, म्हणून सावळ्या कातडीवर चुकीच्या हातात भाजतं. फोटोडायनॅमिक मध्ये आधी औषध लावून मग लाइट देतात, त्याने फरक पडतो पण दुखतं आणि नंतर दोन दिवस उजेडापासून लपावं लागतं. कार्बन पील म्हणजे काळं लोशन लावून वरून क्यू-स्विच्ड, म्हणजे अगदी क्षणभराचे झोत सोडणारं लेसर, चेहरा दोन दिवस चमकतो, सेल्फी छान येतो. अलीकडे 1,726 नॅनोमीटरची मशीन्स आली आहेत, ती तेलग्रंथीतल्या तेलालाच पकडतात, 2022 मध्ये अमेरिकेत एफडीएने त्यांना परवानगी दिली, आणि शास्त्र म्हणून मला त्यातच सगळ्यात दम वाटतो, पण ती नवीन आहेत आणि महाग आहेत.

पुरावा काय म्हणतो? उपचारांचा पुरावा तपासणाऱ्या कॉक्रेन या संस्थेने 2016 मध्ये पिंपल्सवरच्या लाइट उपचारांच्या 71 ट्रायल्स एकत्र करून बघितल्या, 4,211 पेशंट, आणि बहुतेक ठिकाणी पुरावा इतका कच्चा निघाला की ठाम काही सांगता येईना. अमेरिकेतल्या त्वचारोगतज्ज्ञांच्या अकादमीने 2024 मध्ये पिंपल्सच्या उपचारांची नवीन मार्गदर्शिका काढली, त्यातही लेसर आणि लाइटची शिफारस करण्याएवढा पुरावा नाही असंच म्हटलंय. त्याच मार्गदर्शिकेत लावायला बेंझॉइल पेरॉक्साइड, ॲडॅपलीनसारखी रेटिनॉइड्स, गरज पडली तर डॉक्सीसायक्लिन ही अँटिबायोटिक गोळी, याची ठाम शिफारस आहे. ही औषधं आपल्याकडे साध्या मेडिकलमध्ये मिळतात, ट्यूब दोन-चारशे रुपयांना येते. आणि एक वाक्य तर मला प्रत्येक आईवडिलांना वाचून दाखवावंसं वाटतं, ज्याच्या चेहऱ्यावर खड्डे पडतायत किंवा जो पिंपल्समुळे मनाने खचलाय त्याचा आजार गंभीरच समजायचा, मग पुटकुळ्या मोजून चार का असेनात, आणि त्याला आयसोट्रेटिनॉइनचा विचार करायचा. हे औषध 1982 पासून आहे, जालीम आहे, गरोदरपणात घेतलं तर बाळात गंभीर व्यंग येऊ शकतं म्हणून मुलींना ते डॉक्टरच्या देखरेखीशिवाय देताच कामा नये, पण खड्डे पडायच्या आधी दिलं तर पुढचं सगळं वाचतं. पूर्वी सांगायचे की ते बंद केल्यावर सहा महिने चेहऱ्याला काही करायचं नाही. 2017 मध्ये अमेरिकेत आणि भारतातही तज्ज्ञांनी पुरावा तपासून ती अट बरीच सैल केली, फ्रॅक्शनल लेसरसाठी तरी एवढं थांबायची गरज दिसत नाही म्हणाले. म्हणजे शास्त्र पुढे सरकतंय, काउंटरवर मात्र त्यातलं काही पोचत नाही.

मग ही साधी औषधं आधी का दिली जात नाहीत? एक कारण म्हणजे त्यांना वेळ लागतो. आठ ते बारा आठवडे, पहिल्या काही आठवड्यांत चेहरा सोलतो, कधी पिंपल्स जरा वाढल्यासारखे वाटतात, आणि हे कुणी आधी सांगितलेलं नसतं म्हणून पोरं तिसऱ्या आठवड्यात ट्यूब फेकून देतात आणि जाहिरात बघून लेसरकडे जातात. दुसरं कारण सरळ पैसा आहे, ट्यूब लिहून देण्यात क्लिनिकला काही सुटत नाही.

पण सगळा दोष क्लिनिकवर टाकणं मला पटत नाही. माझ्या आईने मला सोळाव्या वर्षी सांगितलं होतं, लग्न झालं की जातात. प्रेमाने सांगितलं होतं, तिच्या आईने तिला तेच सांगितलं असणार. मग मुलतानी माती, हळद, दही, लिंबू, कुणीतरी सांगितलं म्हणून टूथपेस्ट. चार वर्षं मी थांबले आणि त्या चार वर्षांत खड्डे पडले. मुलाला ताप आला तर रात्री अकराला दवाखाना शोधणारे आपण, मुलगी सहा महिने खाली मान घालून कॉलेजला जाते, कॅमेरा बंद ठेवून ऑनलाइन क्लासला बसते, नातेवाइकांकडे यायचं टाळते, आणि आपण म्हणतो एवढ्यातेवढ्याला काय डॉक्टर, नखरे नुसते. मुलग्यांचं तर अजून वाईट, त्यांना नखरे करायचीही परवानगी नाही. घरात ऐकून घेतलं जात नाही म्हणून ही पोरं गपचूप हप्त्यावर पॅकेज घेतात. माझी भाची म्हणाली ना, आईला सांगू नकोस.

आता माझ्या पावतीकडे येते. डॉक्टरांसाठीचे आचारसंहितेचे नियम 2002 चे आहेत. त्यात स्पष्ट लिहिलंय की डॉक्टरने आपला नोंदणी क्रमांक दवाखान्यात लावायचा, चिठ्ठीवर लिहायचा आणि पैशाच्या पावतीवरही लिहायचा. पेशंटने रेकॉर्ड मागितलं तर 72 तासांत द्यायचं. डॉक्टरने स्वतःची जाहिरात करायची नाही. इतके चांगले नियम आहेत. पण हे लागू होतात नोंदणी असलेल्या डॉक्टरला. माझ्या पावतीवर डॉक्टरच नव्हता, ब्रँडचं नाव होतं, आणि ब्रँडला जाहिरातही करता येते, पावतीवर कुणाचं नाव न घालताही चालतं. नर्सिंग होम नोंदणीचा आपला महाराष्ट्राचा कायदा 1949 चा, तो पेशंट भरती करून घेणाऱ्या जागांसाठी, इथे तर खाट नसते, खुर्ची असते. केंद्राचा 2010 चा क्लिनिकल एस्टॅब्लिशमेंट कायदा महाराष्ट्राने घेतलेला नाही. म्हणजे कातडी जाळून खांब पाडणारं मशीन, ज्याच्या खोलीत डोळ्यांवर त्या त्या वेव्हलेंग्थचा चष्मा नसेल तर डोळा जाऊ शकतो, ते अशा जागी चालतं जिथे भिंतीवर लावायला शॉप ॲक्टशिवाय काही नसलं तरी कुणी विचारत नाही.

जीएसटीचंही बघा. दवाखान्यातल्या उपचाराला जीएसटी नसतो, नुसत्या सौंदर्यासाठी केलेल्या गोष्टींना असतो. माझ्याकडून 18 टक्के घेतला म्हणजे त्यांच्याच हिशोबाने तो उपचार नव्हता. हेल्थ इन्शुरन्सही कॉस्मेटिक म्हणून हात वर करतो. जोखीम सगळी वैद्यकीय आणि कागद सगळे पार्लरचे, ही सोय फक्त विकणाऱ्याची आहे.

माझी मागणी फार मोठी नाही. प्रत्येक सिटिंगनंतर पेशंटच्या हातात एक कागद द्या, त्यावर मशीनचं नाव, एनर्जी, डेन्सिटी, किती पास, टेस्ट पॅच कधी केला, मशीन कुणाच्या हातात होतं, त्यांचं शिक्षण काय आणि जबाबदार डॉक्टर कोण, त्यांचा नोंदणी क्रमांक काय. मशीनच्या स्क्रीनवर आकडे असतातच, उतरवून घ्यायला दोन मिनिटं लागतील. चष्म्याच्या दुकानात नंबरचा कागद देतात की नाही, दात काढला तरी एक्स-रे देतात, मग चेहरा भाजला त्याचे आकडे का नाहीत? आणि टेस्ट पॅच बघितल्याशिवाय पुढच्या सिटिंगचे पैसे आगाऊ घ्यायला बंदी हवी. कारण पैसे आधी भरले की पेशंट गप्प बसतो. मीही दुसऱ्या सिटिंगला वाढवू नका म्हणायला हवं होतं, पण सहाचे पैसे भरले होते, म्हटलं वसूल होऊ देत.

काही डॉक्टर मंडळी म्हणतील की प्रत्येक सिटिंग स्वतः केलं तर परवडणार नाही, दर वाढतील, टेक्निशियन लागतातच. असू देत टेक्निशियन. चांगली शिकलेली, हात बसलेली मुलगी असेल तर मी तिच्याकडून करून घेईन. तिचंही नाव लिहा, तिलाही त्याने मान मिळेल, आणि कुणी म्हणालं वाढव तर तिला सांगता येईल की माझं नाव लागतंय खाली, डॉक्टरांना विचारते. दुसरा आक्षेप असा की इतकं केलं तर लोक डॉक्टर सोडून पार्लरमध्येच जातील. पण तिथेही मशीन तेच असेल तर कागदही तोच लागला पाहिजे. मशीन ज्याच्याकडे त्याच्यावर नियम, बोर्डवर क्लिनिक लिहिलंय की स्टुडिओ याने फरक पडायला नको. हे महापालिकेच्या आरोग्य खात्याने करायचं की राज्याने यावर वाद घाला, पण पुण्यासारख्या शहरात, जिथे दर वर्षी बाहेरगावाहून लाखाच्या हिशोबात पोरं शिकायला येतात आणि एकटी राहतात, तिथे सुरुवात व्हायला हरकत नाही. आणि कॉलेजांनी निदान एवढं करावं, पहिल्या वर्षाच्या पोरांना सांगावं की ससूनसारख्या सरकारी हॉस्पिटलात स्किन ओपीडी असते, तिथे पिंपल्ससाठी जाता येतं, लाजायचं कारण नाही. मला वीस वर्षं पुण्यात राहून ते माहीत नव्हतं.

भाचीच्या पॅकेजचं काय झालं ते सांगते. आम्ही दोघी तिथे गेलो, पैसे परत मिळणार नाहीत म्हणाले, पॅकेज ट्रान्सफर करून तुम्ही वापरा म्हणाले. मग लेखी पत्र दिलं, तीन गोष्टी मागितल्या, आजाराचं निदान काय केलं, ते कुणी केलं, त्यांचा नोंदणी क्रमांक. चार दिवसांनी फोन आला की न झालेल्या सिटिंगचे पैसे थोडे कापून परत करतो, पत्राचं उत्तर मात्र नाही. ग्राहक आयोगात जायची माझी तयारी होती, 2019 च्या कायद्याने आपण राहतो तिथल्या जिल्हा आयोगात तक्रार करता येते, पण तिची परीक्षा होती, ती म्हणाली मावशी राहू दे.

आता ती सरकारी ओपीडीत जाते. पहिल्या दिवशी तीन तास लाइन, दुसऱ्यांदा दीड. डॉक्टरांनी पाळीचं विचारलं, तपासण्या सांगितल्या, क्रीमचं नाव विचारून ते हळूहळू बंद करायला लावलं, दोन ट्यूब आणि गोळ्या दिल्या आणि म्हणाले बारा आठवडे फरक दिसला नाही तरी सोडायचं नाही. आज अकरावा आठवडा आहे. जबड्यावरच्या मोठ्या पुटकुळ्या बसल्यात, नवीन कधीतरी एखादी येते. आईलाही सांगितलंय तिने, वहीत गोळ्यांच्या खुणा आईच करते व्हिडिओ कॉलवर. मागच्या आठवड्यात तिने केसपेपरचा फोटो पाठवला, डॉक्टरांच्या वाकड्यातिकड्या अक्षरात, डावा गाल बॉक्सकार तीन, उजवा गाल बॉक्सकार एक, आइसपिक एक, लेसरचा विचार नवीन पिंपल्स सहा महिने थांबल्यावर, आधी टेस्ट पॅच, आणि खाली शिक्का, नाव आणि नोंदणी क्रमांक.